सील शाबूत, माल गायब

मालवाहतुकीत चोराला सोयीची वेळ मध्यरात्रीची नसते. ती असते महिन्याच्या शेवटच्या तारखेची संध्याकाळ. कारखान्यात विक्रीचा आकडा गाठायचा असतो, बिल आजच्या तारखेचं फाडायचं असतं आणि माल गेटबाहेर पडल्याशिवाय ते फाडता येत नाही. डिस्पॅचवाल्याचा फोन कानाला चिकटलेला असतो. नेहमीच्या ट्रान्सपोर्टरने दुपारीच हात वर केलेले असतात, कारण त्याच्या सगळ्या गाड्या बाहेर आहेत. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तर असं रोज घडतं. अशा वेळी कोणी म्हणालं, ‘गाडी आहे, तासाभरात लागते, भाडंही थोडं कमी लावू,’ तर तो देवासारखा भेटला असं वाटतं.

समजा, चाकणच्या एका कारखान्यातून कोइम्बतूरला आठ टन तांब्याची तार जायची आहे. किंमत पाऊण कोटीच्या घरात. नेहमीचं भाडं 50 हजार. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ‘लोड आहे’ असा निरोप पडतो. दहा मिनिटांत फोन येतो आणि 44 हजारांत सौदा ठरतो. आरसी, विमा, फिटनेस, ड्रायव्हरचं लायसन, पॅन कार्ड, सगळ्यांचे फोटो लगेच येतात. कागद खरे असतात. सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला तर गाडीचा प्रकार, फिटनेसची मुदत, विमा सगळं जुळतं. गाडी लागते, हमाल माल भरतात, ताडपत्री बांधली जाते, बिल्टी म्हणजे वाहतुकीची पावती फाटते, ई-वे बिलात गाडीचा नंबर चढतो, अ‍ॅडव्हान्स खात्यात जातो आणि गाडी गेटबाहेर पडते.

तिसऱ्या दिवशी कोइम्बतूरहून फोन येतो की गाडी आलेली नाही. ड्रायव्हरचा फोन बंद, दलालाचाही बंद. आरसीवरच्या मालकाचा शोध घेतला तर त्याची गाडी नागपूरला त्याच्या दारात उभी. चाकणला आली ती दुसरीच गाडी, त्याच मेकची, त्याच रंगाची, त्याच नंबरची पाटी लावलेली. तोवर तांबं कुठल्यातरी भट्टीत वितळलेलं असतं. वितळलेल्या तांब्यावर कोणाचं नाव नसतं.

इथे कुलूप तुटलं नाही, कोणाला मारहाण झाली नाही. माल कारखान्यानेच, आपल्या हमालांकरवी, आपल्या सहीनिशी चोराच्या गाडीत भरून दिला. प्रसंग कल्पित असला तरी त्यातली एकेक पायरी या धंद्यात रोजची आहे. मालाच्या चोरीबद्दल आपल्याकडे बोलणं निघतं ते घाटात अडवलेल्या ट्रकांचं. ते प्रकारही होतात. ऑक्टोबर 2020मध्ये तमिळनाडूतून मुंबईकडे निघालेला मोबाइल फोनचा ट्रक कृष्णगिरी जिल्ह्यात लुटला गेला, ड्रायव्हरला मारहाण झाली आणि सुमारे 15 कोटींचा माल गेला. पण दरोड्याचा गाजावाजा होतो, पोलीस मागे लागतात. कागदावरची चोरी तीन दिवस कोणाला कळतही नाही.

कळंबोली, वडाळा, भिवंडी, निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, नागपूरचं वाडी. या ठिकाणांवर राज्याची मालवाहतूक उभी आहे आणि ती दलालांशिवाय एक दिवस चालणार नाही. देशातल्या ट्रकमालकांत एक ते पाच गाड्यांचे मालकच बहुसंख्य आहेत. अशा मालकाला कोइम्बतूरहून परतीचं भाडं कोण मिळवून देणार? आणि कारखान्याला आज संध्याकाळी लागणारी गाडी कोण शोधून देणार? दलाल हा या व्यवहाराचा सांधा आहे. त्याला सरसकट चोर म्हणणारे लोक कधी ट्रान्सपोर्टनगरात फिरलेले नसतात.

बिघाड झाला तो सांध्यांची संख्या वाढल्यामुळे. पूर्वी दलालाचं दुकान असायचं, फळी असायची, चहावाल्यालाही त्याचं गाव माहीत असायचं. गाडी लावून देणारा चेहरा समोर असायचा आणि उद्या त्याच गल्लीत त्याला परत तोंड दाखवायचं असायचं. आता लोड एका ग्रुपवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातं. पहिला 50 हजारांत घेतो, दुसऱ्याला 46मध्ये देतो, तो तिसऱ्याला 43मध्ये. माल देणाऱ्याला वाटतं आपण अमक्या ट्रान्सपोर्टला माल दिला. गाडी चालवणाऱ्याने त्या ट्रान्सपोर्टचं नावही ऐकलेलं नसतं. या साखळीतला एक जण अ‍ॅडव्हान्स घेऊन नाहीसा झाला की खरा, प्रामाणिक ट्रकवाला कोइम्बतूरच्या वेशीवर गाडी उभी करून म्हणतो, माझं भाडं द्या मग माल उतरवा. तो चोर नाही, त्याचं डिझेल जळलेलं आहे. पण कारखान्याला भाडं दोनदा भरावं लागतं.

अमेरिकेत याच प्रकाराने मोठा धुमाकूळ घातला आहे. तिथल्या चोऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्गोनेटने 2024 साली अमेरिका आणि कॅनडा मिळून 3,625 घटना मोजल्या, आदल्या वर्षापेक्षा 27 टक्के जास्त. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या लारेडोहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या दोन ट्रकांमधल्या टकीलाच्या 24,240 बाटल्या गेल्या. माल एकाकडून दुसऱ्याकडे परस्पर दिला गेला होता. टकीलाच्या कंपनीला माल वाटेवर असल्याचं दिसत राहिलं आणि तो उतरला लॉस एंजेलिसला. ट्रक चालवणाऱ्यांना दिलेला पत्ताच वेगळा होता.

लंडनच्या नील्स यार्ड डेअरीची गोष्ट तर आपल्या शेतकऱ्याने वाचावी अशी आहे. 2024मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या दुकानसाखळीचा वितरक म्हणवणाऱ्या एका ग्राहकाने चेडर चीजची ऑर्डर दिली. तब्बल 22 टन, 950 चाकं, किंमत 3 लाख पाउंड. माल गेल्यावर कळलं की ग्राहक बनावट होता. डेअरीने ज्या तीन उत्पादकांकडून चीज घेतलं होतं त्यांचे पैसे मात्र पूर्ण चुकते केले. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला यात नवीन काय वाटणार? बागेत गाडी लावायची, पहिल्या दोन खेपांचे पैसे रोख द्यायचे, तिसऱ्या-चौथ्या खेपेला चेक द्यायचा आणि हंगाम संपायच्या आत गाळा रिकामा करून निघून जायचं, हे तिथे वर्षानुवर्षं चाललेलं आहे. 2020मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीमच उघडली, तेव्हा कुठे अनेकांचे अडकलेले पैसे सुटू लागले. बागेत चोर शिरला असता तर गावाने काठ्या घेतल्या असत्या. इथे क्रेट भरून द्यायला घरची माणसंच होती.

मग ओळख पटवायची कशी? चाकणच्या त्या गेटवर काय करता आलं असतं?

पहिली गोष्ट चासी नंबर. पाटी बदलायला दोन स्क्रू काढावे लागतात. चासी नंबर लोखंडात ठोकलेला असतो. तो आरसीशी ताडून पाहायला गेटवरच्या माणसाला पाच मिनिटं आणि एक टॉर्च लागते. बहुतेक कारखान्यांत हे कोणी करत नाही. गेटवरचा माणूस गाडीचा नंबर वहीत लिहितो, ड्रायव्हरला हेल्मेट आणि बूट घालायला लावतो, आगपेटी काढून घेतो. सुरक्षेचा सगळा भर गाडी कारखान्यात असेपर्यंतचा. ती बाहेर पडल्यावर काय, हा प्रश्न त्याच्या कामाच्या यादीत नसतो.

दुसरी गोष्ट टोलची. फेब्रुवारी 2021पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि त्याने नकळत एक मोठं काम करून ठेवलं. प्रत्येक ट्रकचा माग टोलनाक्यावर उमटतो. सप्टेंबर 2022मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर ‘युलिप’ नावाची सरकारी व्यवस्था आली. तिच्यामार्फत वाहन नोंदणी, लायसन आणि फास्टॅगची माहिती खासगी कंपन्यांच्या संगणकालाही विचारता येते. चाकणला उभ्या असलेल्या गाडीचा टॅग आज सकाळी विदर्भातल्या टोलवर वाजला असेल, तर समोरची गाडी कोणाची, हे विचारायला पोलीस लागत नाहीत. जीपीएसपेक्षा मला हा उपाय जास्त भरवशाचा वाटतो. जीपीएसचं यंत्र काढून दुसऱ्या गाडीत टाकता येतं, त्याच्यावर जॅमर चालतो. शिवाय गाडीच चोराची असेल तर यंत्र कुठलं आणि माग कोणाचा?

तिसरी गोष्ट फोनची, आणि ती फुकटातली आहे. दलालाने पाठवलेल्या कागदावर जो नंबर छापलेला असतो तो दलालाचाच असतो. त्यावर फोन करून खात्री करणं म्हणजे चोरालाच चोरीबद्दल विचारणं. ट्रान्सपोर्ट कंपनीचा नंबर आपण स्वतः, दुसरीकडून शोधायचा आणि विचारायचं की ही गाडी तुम्ही पाठवली आहे का.

ई-वे बिलाचं काय, असं कोणी विचारेल. एप्रिल 2018पासून आंतरराज्य मालवाहतुकीत 50 हजारांवरच्या मालाला ते लागतं. दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते आणि त्यात गाडीचा नंबर भरावाच लागतो. पण ते कर बुडवणाऱ्याला पकडण्यासाठी बनवलेलं आहे. पोर्टल इतकंच पाहतं की असा नंबर अस्तित्वात आहे का. चोराने लावलेला नंबर अस्तित्वात असतोच, म्हणून पोर्टल तो निमूट स्वीकारतं. उलट ई-वे बिल हातात असलं की वाटेत कोणी हटकत नाही. सरकारने चोराला नकळत वाटपरवानाच दिल्यासारखं होतं.

न्हावा-शेवा बंदरात गेलं की सीलवरची श्रद्धा पाहायला मिळते. कंटेनरच्या दाराला जाड बोल्ट सील लागतं, त्यावर नंबर असतो, निर्यातीच्या कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लागतं. सील शाबूत असलं की सगळे खूश. पण कंटेनरचं दार ज्या बिजागऱ्यांवर आणि रिबिटांवर उभं असतं त्यांच्याकडे कोण पाहतं? हँडलचं रिबिट ड्रिलने काढायचं, दार सीलसकट उघडायचं, माल काढायचा, नवं रिबिट ठोकून वर रंग मारायचा. पोचल्यावर सील जसंच्या तसं. म्हणून जाणकार माणूस सीलआधी रंग पाहतो. कुठे ताजा रंग, कुठे चकचकीत नवं रिबिट आहे का ते बघतो. आणि त्याआधी वजन पाहतो. 1 जुलै 2016पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो केला जहाजाच्या सुरक्षिततेसाठी, पण दोन टोकांची वजनं ताडून पाहणाऱ्याला तो चोरीही दाखवतो.

वजनही फसवतं, हे 2020मध्ये मर्क्युरिया या बड्या व्यापारी कंपनीला कळलं. तुर्कस्तानातून चीनला जाणारं तांबं तिने विकत घेतलं होतं, साडेतीन कोटी डॉलरांहून जास्त किमतीचं. तपासनिसांसमोर कंटेनरमध्ये तांबं भरलं गेलं, सील लागलं. नंतर कंटेनर उघडून तांबं काढलं आणि फरशीचे दगड तांब्याच्या रंगात रंगवून भरले, वर बनावट सील ठोकलं. चीनमध्ये कंटेनर उघडले तेव्हा आत दगड. विम्याच्या सात करारपत्रांपैकी एकच खरं निघालं. जिथे जगातल्या हुशार व्यापाऱ्यांना रंगवलेले दगड घ्यावे लागले, तिथे आपल्या लघुउद्योजकाने एकट्या सीलवर विसंबून राहू नये.

आता थोडं थोडं काढण्याच्या चोरीबद्दल. या चोरीची बातमी होत नाही, तिला ‘शॉर्टेज’ म्हणतात. सळयांच्या ट्रेलरमधून चार सळया, खाद्यतेलाच्या टँकरमधून दोन डबे, सिमेंटच्या पाच गोणी. काट्यावर वजन भरायला डिझेलची टाकी तुडुंब भरायची, पाण्याचे कॅन ठेवायचे. काही काट्यांच्या आतच इलेक्ट्रॉनिक चिप बसवून रिमोटने आकडा हलवल्याची प्रकरणं उघड झालेली आहेत. वैध मापन शास्त्र यंत्रणेकडून वजनकाट्याची दरवर्षी पडताळणी व्हावी लागते, हे काट्यावर गाडी घालणाऱ्या किती जणांना माहीत असतं? पडताळणीचं प्रमाणपत्र मागायचा हक्क आपल्याला आहे.

ही किरकोळ चोरी किरकोळ राहत नाही, याचा पुरावा महाराष्ट्राने पाहिला आहे. 25 जानेवारी 2011. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीला होते. तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत, म्हणून टँकरांची अखंड वर्दळ. रस्त्याकडेच्या ढाब्यावर टँकर उभे राहून इंधनाची चोरी आणि भेसळ चाललेली त्यांना दिसली आणि ते थांबले. भरदिवसा त्यांच्यावर रॉकेल ओतून त्यांना जिवंत जाळण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी पुढे काम बंद ठेवलं, छापे पडले, टँकरला जीपीएस आणि सुधारित कुलपं लावण्याच्या घोषणा झाल्या.

पानेवाडीच्या ढाब्यामागे एक साधा हिशेब होता. रेशनचं अनुदानित रॉकेल डिझेलच्या निम्म्याहून कमी भावाने मिळत होतं. टँकरमधून पेट्रोल-डिझेल काढायचं, तितकंच रॉकेल ओतायचं, लिटरमागचा फरक खिशात. काढलेला माल घेणारे तयार होते, वाटेतल्यांना वाटा मिळत होता. त्या रॉकेलला ओळखू यावं म्हणून निळा रंग दिला जात होता, तरी धंदा चालू होता. पुढे रेशनच्या रॉकेलचा कोटा आटत गेला, अनुदान संपलं, तसा त्या धंद्याचा पायाच निसटला. माझ्या मते कुलपांच्या घोषणांपेक्षा भावातला हा फरक मिटण्याने जास्त काम केलं. चोरीचा माल कोण विकत घेतं, हा प्रश्न आपल्या पोलीस तपासात नेहमी शेवटी येतो. तांबं वितळवणारी भट्टी, अर्ध्या भावात सळया घेणारा बिल्डर, बिलाशिवाय मोबाइल घेणारं दुकान, हे नसतील तर गाडी पळवून कोणी काय करणार? चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317खाली वेगळा गुन्हा आहे. तो लावला मात्र फार क्वचित जातो.

माल गेला की पहिला संशय ड्रायव्हरवर. हे अनेकदा खरं निघतं आणि अनेकदा फार अन्यायाचं. भोपाळजवळच्या मंडीदीपचा एक शिंपी 2018मध्ये पकडला गेला. ढाब्यावर ओळख काढायची, जेवणातून गुंगीचं औषध द्यायचं, ड्रायव्हर-क्लीनरला मारून मालासकट ट्रक विकायचा, अशी त्याच्या टोळीची पद्धत होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याने 30हून अधिक खुनांची कबुली दिली आणि त्यांतले काही महाराष्ट्रातले होते. माल हरवल्याच्या किती प्रकरणांत ड्रायव्हरचं नाव ‘फरार’ म्हणून लिहिलं गेलं असेल आणि तो कुठल्यातरी नाल्यात पडलेला असेल, कोण जाणे. रात्री सुरक्षित उभं राहायला जागा, उजेड, संडास आणि जेवण एवढं हमरस्त्यावर मिळालं, तर अशा टोळ्यांची अर्धी शिकार हातची जाईल.

कायद्याकडे वळू. 1865चा जुना कॅरियर्स अ‍ॅक्ट जाऊन 2007चा रस्ते मालवहन कायदा आला. बिल्टी देणाऱ्या वाहतूकदाराने त्याखाली नोंदणी केलेली असली पाहिजे. माल हरवला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा माल देणाऱ्याला सिद्ध करावा लागत नाही, ही जमेची बाजू. पण 2011च्या नियमांत एक मेख आहे. मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर दिला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच. आपल्या चाकणच्या उदाहरणात 44 हजारांची दहापट, म्हणजे 4 लाख 40 हजार. माल पाऊण कोटीचा. भाड्यात सहा हजार वाचवले तेव्हा भरपाईतले साठ हजारही त्याच दिवशी गेले होते.

शिवाय वाहतूकदाराला लेखी नोटीस माल बुक केल्यापासून 180 दिवसांत गेलीच पाहिजे, नाहीतर दावाच उभा राहत नाही. मोजणी बुकिंगच्या तारखेपासून असते, माल हरवल्याचं कळल्यापासून नव्हे. ‘बघतो, शोधतो, दिवाळीनंतर बसू’ म्हणत ट्रान्सपोर्टर हेच दिवस खातो. नोटीस चुकली की विमा कंपनीही हात आखडता घेते, कारण तिचा वसुलीचा हक्क आपण घालवलेला असतो. विम्यातही पॉलिसीवरचं अक्षर वाचा. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात ‘ए’ कलमांत सर्व जोखमी येतात. ‘बी’मध्ये अपघात आणि आग येते, चोरी मुळात नसते. हप्त्यातला फरक पाहून ‘बी’ घेतलेले कारखानदार चोरीनंतरच ती पॉलिसी पहिल्यांदा वाचतात.

घर बदलणाऱ्यांसाठीही यातलं बरंच लागू आहे. इंटरनेटवर पहिल्या ओळीत दिसणारे पॅकर्स अँड मूव्हर्स स्वस्त भाव सांगतात, सामान गाडीत चढलं की भाव तिप्पट करतात आणि ते नाकारलं तर फ्रिज-कपाटांसकट गाडी कुठल्यातरी गोडाऊनला नेऊन उभी करतात. नोंदणीचा नंबर, ऑफिसचा खरा पत्ता आणि सामानाची किंमत लिहिलेली पावती, एवढं न मागता कोणालाही घराची चावी देऊ नका.

राहिला पैशांचा प्रश्न. कारखाने ट्रान्सपोर्टरचं बिल साठ-नव्वद दिवस अडकवतात. ट्रान्सपोर्टर छोट्या गाडीवाल्याचं बॅलन्स अडकवतो. मग चांगला गाडीवाला त्या गेटवर परत येत नाही आणि महिनाअखेरीला ‘तासाभरात गाडी लावतो’ म्हणणाऱ्याशिवाय कोणी उरत नाही. पोचपावती मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे देणाऱ्या कारखान्याला तेच मालक, त्याच गाड्या, तेच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा मिळतात. कारखानदारांच्या संघटना टोल आणि डिझेलवर निवेदनं देतात. त्यांनी या पंधरा दिवसांचा नियम आधी आपल्या सभासदांना लावावा.

आणि एवढं करूनही गाडी गेलीच, तर वेळ घालवू नका. दलालाच्या खात्यात ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या क्रमांकावर कळवा, खातं गोठवता येतं. गुन्हा कुठल्या हद्दीत झाला, यावरून पोलीस ठाणी टोलवाटोलवी करतात. वाहतूकदाराने केलेला विश्वासघात न्याय संहितेच्या कलम 316खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 201प्रमाणे माल ज्या ठिकाणी ताब्यात दिला तिथेही त्याची चौकशी चालू शकते. हद्दीचं कारण पुढे आलंच तर कलम 173 दाखवा. गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते.